झोपेतली साक्ष

"चिमे, ए चिमे. मी निघाले गं. उठतेस ना?"

दारातून आलेली हाक. पहाटेच्या गार हवेतून, हातातली बॅग खाली न ठेवता मारलेली. पहिली 'चिमे' वर चढलेली, दुसरी जराशी उतरलेली, आणि शेवटचा 'ना' असा लांबवलेला की त्यात बसून एखाद्या पोरीने झोका घ्यावा. ही हाक तिच्या आईची होती. आई दूरच्या शहरात नर्सच्या नोकरीवर निघाली त्या पहाटेची. तिकडे राहायला खोली मिळाली की पोरीला घेऊन जायचं, तोवर पोर मोठ्या बहिणीकडे, असं दोघी बहिणींचं ठरलं होतं. खोली मिळायच्या आधीच आई तिकडे तापाने गेली, आणि पोर मावशीकडे राहिली ती राहिलीच. वडील तर तिच्या आठवणीत नव्हतेच. म्हणजे आईचं म्हणून तिच्यापाशी जे काही थोडंफार होतं, त्यात ही हाक सगळ्यात जपलेली. फोटो होते, पण फोटोतली बाई कुणाकडेही बघून तशीच हसली असती. हाक तिच्या नावाची होती. ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नव्हती. परीक्षेच्या आधी, डॉक्टरकडे सुई घेण्याआधी, नव्या शाळेच्या फाटकात पाऊल टाकण्याआधी ती मनातल्या मनात ती हाक एकदा ऐकून घेई, आणि मग पुढे होई. आता त्याच हाकेखाली लाल शाईची रेघ होती, आणि समासात सरांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'तू झोपली होतीस ना? मग हे ऐकलं कोणी?'

त्याखाली शून्य. शून्याची सवय त्या वर्गात सगळ्यांनाच होती. 'माध्यमांसाठी लेखन, भाग पहिला' हा विद्यापीठातला असा विषय होता की वरच्या वर्गातली मुलं जिन्यात भेटली की विचारत, "काय, जिवंत आहेस ना अजून?" तो पास झाल्याशिवाय विभागात पुढे सरकता येत नसे. सर कितीतरी वर्षं एका वर्तमानपत्रात बसून लोकांच्या बातम्या तपासत आलेले. अंग बारीक, आवाज बारीक, खिशात लाल पेन. मुलांनी त्यांचं नाव 'गाळणी' ठेवलं होतं, कारण वरून काहीही ओता, खाली थोडंसंच उरायचं. विशेषणं वर अडकायची. 'उद्गारली', 'पुटपुटली', 'कळवळून म्हणाली' ह्या सगळ्या बाया वरच अडकायच्या आणि एकटी 'म्हणाली' तेवढी खाली उतरायची. शिवाय माहितीची एक जरी चूक निघाली तर बाकीचा मजकूर सोन्याचा असला तरी शून्य. तिचं पहिलं शून्य बंबामुळे होतं. अग्निशमन केंद्रात जाऊन या आणि लिहा, असं काम होतं. ती गेली, तिथल्या माणसांशी बोलली, शिडी किती उंच जाते ते विचारून आली, आणि पहिल्याच ओळीत लिहून बसली, 'अंगणात लाल बंब उभा होता'. बंब पिवळा होता. त्याला टेकून ती उभी राहिली होती, आणि तरी तो तिला लाल दिसला होता. सर म्हणाले, "तू बंब बघायला गेलीस आणि चित्रातला बंब बघून आलीस." वर्ग हसला, तीही हसली. पण रात्री कॉटवर पडल्यावर तो पिवळा बंब तिच्या छातीवर येऊन उभा राहिला.

मग बाकावरचा म्हातारा. बागेत बसून दिसेल ते लिहा, असं काम होतं, आणि तिने लिहिलं की एक दुःखी म्हातारा एकटाच बसला होता. सरांनी 'दुःखी'भोवती गोल केला. "विचारलंस त्याला?" तिने विचारलं नव्हतं. सरांनी तिला परत पाठवलं. म्हातारा दुसऱ्या दिवशीही तिथेच होता. तो म्हणाला, "दुःखी कसला? बायको समोर दात काढायला गेलीये, दोन दिवस झाले डॉक्टर आज या उद्या या करतोय, आणि घराची किल्ली तिच्या पर्समध्ये. वैतागलोय मी." हे तिने वर्गात वाचून दाखवलं तेव्हा शेजारी बसणारी तिची मैत्रीण बाकावर डोकं टेकून हसली. ह्या मैत्रिणीला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण ती सकाळी सुरू झाली की कुणी बंद करू शकत नसे. पण हिच्या बाबतीत त्या दिवसापासून एक गोष्ट झाली. बसमध्ये समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून तिला काही वाटायला लागलं, की आतून बारीक आवाज येई, विचारलंस त्याला? जग जरा हलकं झालं आणि जरा गारही झालं. धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखं. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडू लागलं होतं. ज्याला हात लावून पाहिलं तेवढंच आपलं, ह्यात एक प्रकारचा विसावा होता.

ह्या वेळचं काम होतं स्वतःची बातमी. आपल्या आयुष्यातला एक दिवस निवडायचा आणि तो परक्या माणसाचा असल्यासारखा लिहायचा. 'मी' चालणार नाही. वर्गात कुरकुर झाली. तिने मात्र एका बैठकीत लिहून काढलं. मुलगी लहान होती, मुलगी झोपली होती, आईने दारातून हाक मारली, मुलगी उठली नाही, आई पहाटेच्या बसने गेली. एकही विशेषण नाही. सगळ्या क्रिया आपापल्या जागी. लिहून झाल्यावर तिला वाटलं, गाळणीतून हे असंच्या असं खाली येणार, एक थेंबही वर राहणार नाही. इतकं स्वच्छ तिने आजवर काही लिहिलं नव्हतं.

"बघू," म्हणत रेडिओने तिचा कागद ओढून घेतला. वाचला. समासातली ओळही वाचली, आणि पहिल्यांदाच तिला काय बोलावं ते सुचेना. मग सुचलं. "माझं बरं आहे बाई. मी माझ्या जन्माचा दिवस घेतला. आई तिथे स्वतः हजर होती, साक्षीदार पक्का." तिने कोपराने हिला ढोसलं. "अगं हस की. पुन्हा लिहायला दिलंय ना? शुक्रवारपर्यंत आहे. आणखी एक शून्य आलं तर मात्र तुला पुढच्या वर्षी माझ्याशिवाय इथे बसावं लागेल, आणि मला वरच्या वर्गात तुझ्याशिवाय. कोण ऐकणार माझं?" ती हसली नाही. वर्ग रिकामा होईतो ती बसून राहिली आणि मग सरांच्या टेबलापाशी गेली.

"चूक कळली?" सरांनी वर न बघता विचारलं.

"सर, हे मला माहीत आहे. माझी आई आहे ती."

"आई तुझी आहे. माहिती कोणाची आहे?"

"मावशीने सांगितलं."

"मग तसं लिहायचं. 'असं तिच्या मावशीने सांगितलं.' त्यात कमीपणा कसला?"

तसं लिहून तिने पाहिलं होतं, बाकावर बसल्या बसल्याच. वाक्यात मावशी आली की दार लांब जात होतं. आई फाटकापाशी, मग रस्त्यावर, मग शेजारच्या गावातून हाक मारल्यासारखी. सरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि बिनधारेचे होते, नुकत्याच उठलेल्या माणसासारखे. "मावशी आहे ना?" ते म्हणाले. "बसने जाता येतं ना तिच्याकडे? मग जा, विचार. आई नेमकी कुठे उभी होती. हातात काय होतं. मावशी स्वतः कुठे होती. साक्षीदाराला असंच विचारायचं. आणि एक लक्षात ठेव, प्रत्येक वेळी शब्दाला शब्द तोच येत असेल तर तो माणूस आठवत नसतो, पाठ म्हणत असतो." मग जरा थांबून म्हणाले, "नाहीतर वाक्य काढून टाक. बातमी अडत नाही त्याने."

पाठ म्हणत असतो. जिना उतरताना हे शब्द तिच्याबरोबर उतरले, आणि जाळीच्या खिडकीपाशी तिला थांबावं लागलं. तिला लहानपणची मावशीची लॉन्ड्री आठवली. काउंटरच्या आत, धुवायला आलेल्या चादरींच्या ढिगाऱ्यावर ती बसलेली असे, आणि वर मावशीचे हात चालू असत. आलेल्या कपड्याचे खिसे उलटे करायचे, निघालेलं नाणं, तिकीट, गोळी गिऱ्हाइकापुढे ठेवायची, मग कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची. मावशीच्या ओठांत कायम टाचण्या. मागच्या खोलीत इस्त्रीची वाफ वर जाई, वर गेली की खिडकीला बसे, खिडकीला बसली की खाली वाहून येई, आणि त्या वाहत्या रेघांमधून ती बोटाने घर काढी. "मावशी, सांग ना, आईने कशी हाक मारली?" "किती वेळा सांगू?" "एकदा, एकदाच." मग मावशी ओठांतल्या टाचण्या हातावर काढी, एखादी तशीच राही, आणि मान जरा वर करून हाक मारी. चिमे, ए चिमे. मी निघाले गं. उठतेस ना? प्रत्येक वेळी तीच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. लहान पोरीला ते तसंच हवं होतं. कधी चुकून 'गं' राहिला असता तर तिनेच ओरडून सांगितलं असतं. आणि आता, विद्यापीठाच्या त्या जिन्यात, तिने ती हाक पुन्हा ऐकून पाहिली, सर ऐकतील तशी, आणि तिला 'उठतेस'मधला 'स' ऐकू आला. दातांखालून निसटलेला, जरा शीळ घातल्यासारखा 'स'. त्यात टाचणी होती. आईच्या हाकेत मावशीची टाचणी होती. इतकी वर्षं ती आईचा म्हणून जो आवाज उशाशी घेऊन झोपली तो मावशीचाच होता, काउंटरवरून आलेला, आणि दारातून आलेला आवाज तिने ऐकलेलाच नव्हता.

ऐकला नव्हता, कारण ती झोपली होती. ह्याच जागी तिचं मन नेहमी येऊन थांबे आणि इथून पुढे कुणाला येऊ देत नसे. हाक मारली आणि ती उठली नाही. उठली असती तर? उठून रडत दारापर्यंत गेली असती, आईच्या पायांना मिठी मारली असती, तर कोणती आई बसला बसली असती? बस निघून गेली असती, आई राहिली असती, तापाने तिकडे वाट बघितली असती आणि कंटाळून गेला असता. हा हिशेब तिने कुणाच्या शिकवण्याने मांडला नव्हता. कधीतरी, दात पडायच्या वयात, तो तिच्या अंगात येऊन बसला, आणि तेव्हापासून तिची झोप उघडीच राहिली. दुकानाच्या शटरवर मांजर चाललं तरी ती उठून बसे. मावशी म्हणे, "सशाची झोप गं बाई तुझी, एवढीशी." वसतिगृहात खोलीतल्या मुलीने पान उलटलं तरी तिचा डोळा उघडे. लोक म्हणत, सावध आहे पोरगी. ती सावध नव्हती. ती अजून त्या पहाटेच्या अलीकडे होती आणि ह्या खेपेला हाक चुकवायची नाही म्हणून जागत होती. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. मावशीला तर नाहीच. मावशीने हाक इतक्या मायेने दिलेली, तिला कसं सांगायचं की तुझ्या मायेच्या आत एक काटाही आला?

तिने फोन केला. दुपारची वेळ होती, दुकान बंद असण्याची. "मावशी, आई निघाली तेव्हा तू कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? घरात."

"घरात कुठे? दारापाशी की आत?"

"का गं, पोलिसात भरती झालीस की काय?" मावशी हसली, पण हसू तोंडातच राहिलं. "जेवलीस का?"

"जेवले. मावशी, आईने हाक मारली तेव्हा बॅग हातात होती की खाली ठेवली होती?"

मग मावशी घाईघाईने म्हणाली, "अगं थांब, गिऱ्हाईक उभं आहे. कोटावर कॉफी सांडवून आलंय, डाग बसेल. ठेवते हं." फोन बंद झाला. तिने तो कानाला तसाच धरून ठेवला. दुकान बंद असलं की मागच्या मशीनचा आवाज नसतो, आणि फोनमध्ये मशीनचा आवाज नव्हता. गिऱ्हाईक नव्हतं, कोट नव्हता, कॉफी सांडली नव्हती. मावशी तिच्याशी खोटं बोलली होती. मावशी, जी कुणाच्या खिशात सापडलेली फाटकी नोटदेखील गिऱ्हाइकाला हाक मारून परत करत असे. तिला राग आला नाही. लहान मुलाने खेळताना पलंगाखाली हात घालावा आणि हाताला काहीतरी ऊबदार लागावं, तसं तिला झालं.

गुरुवारी ती बागेत जाऊन बसली. बाकावरचा म्हातारा नव्हता, दात निघाले असावेत. पुन्हा मावशीला फोन करावा असं हाताला वाटे आणि हात मागे येई. समज, मावशी म्हणाली की हाक नव्हतीच. आई न बोलता निघून गेली, आणि पोरीला काहीतरी हवं म्हणून आम्ही एक हाक शिवून दिली. मग? मग काटाही जाईल, हे तिला कळत होतं. हाक नाही तर न उठण्याचा दोष नाही. ती रात्रभर ढाराढूर झोपू शकेल. पण काट्याबरोबर तो सबंध लांबवलेला 'ना' जाईल, झोका जाईल, आणि न बोलता पाठ फिरवलेली एक बाई उरेल, जिला तोंड नाही. कोणतं बरं? जिने हाक मारली आणि आपण उठलो नाही ती आई, की जिने हाकच मारली नाही ती? मांडीवर कागद घेऊन ती बसली होती, आणि मुंग्यांची एक रांग कागदाच्या कडेवरून चढत उतरत होती, आपापलं सामान घेऊन, कुणालाही काही न विचारता. तिला मुंग्यांचा हेवा वाटला, आणि लगेच, विचारलंस त्यांना?, असं आतून आलं, आणि त्या आठवड्यात ती पहिल्यांदा एकटीच हसली.

शुक्रवारी वर्गातल्या जुन्या संगणकापुढे बसून तिने वाक्य काढून टाकलं. एक कळ दाबून धरायची, एवढंच. अक्षरं मागच्या मागे गिळली गेली, 'ना' आधी गेला, 'चिमे' सगळ्यात शेवटी. मग त्यापुढचं 'मुलगी उठली नाही' हेही काढावं लागलं, कारण हाकच नाही तर न उठण्याला अर्थ नाही. दोन्ही बाजूंची वाक्यं एकमेकांना येऊन चिकटली. 'मुलगी झोपली होती. आई पहाटेच्या बसने गेली.' कुणाला कळणारही नाही की मध्ये काही होतं. सर त्यांच्या टेबलाशी बसूनच वाचत. त्यांनी वाचलं, पेन हातात धरून शेवटपर्यंत गेले, पेन कुठेच टेकवलं नाही, आणि खाली 'पास' लिहिलं. ती वळली तेव्हा ते म्हणाले, "विचारलंस का मावशीला?" ती म्हणाली, "विचारलं, सर. गिऱ्हाईक आलं होतं." सरांनी मान हलवली. "येतात," ते म्हणाले. रेडिओने बाहेर तिला मिठी मारली, पाठीवर धपाटे घातले, "सुटलीस गं भवाने," असं म्हणून तिच्या हातात पाव कोंबला. ती सुटली होती. उलटा करून पाहिलेल्या खिशासारखं तिला वाटत होतं.

रविवारी ती मावशीकडे गेली. शटर अर्धं खाली होतं. ती वाकून आत शिरली तर मावशी एकटीच इस्त्रीच्या टेबलापाशी, कुणाचा तरी पांढरा शर्ट पुढ्यात पसरून. "आलीस? वाळलीस किती," मावशी म्हणाली. ती प्रत्येक वेळी हेच म्हणे. मग चहा झाला, वसतिगृहातल्या जेवणाला नावं ठेवून झाली, शेजारच्या चष्म्याच्या दुकानदाराची मुलगी पळून जाऊन परत आली आणि आता बापच 'तुझ्या पसंतीचा जावई आणतो' म्हणत तिला हसवतो, हेही सांगून झालं. फोनवरच्या त्या दुपारचं मावशीने नाव काढलं नाही. हिनेही काढलं नाही. मग मावशी हात पुसत म्हणाली, "पास झालीस ना? वाच बघू काय लिहिलंस. पेपरात येण्याआधी मला ऐकू दे."

"पेपरात नाही येत गं. वर्गातलं आहे."

"वाच तरी."

तिने वाचलं. लहानच होतं. वाचताना तिला तिचा आवाज परक्यासारखा वाटला, रेल्वेच्या वेळा सांगितल्यासारखा. मावशी उभी राहून ऐकत होती, एक हात शर्टाच्या बाहीवर. वाचून झालं तरी तिची मान तशीच होती, पुढचं ऐकायला कललेली.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि हाक? हाक कुठे गेली?"

"काढली."

"का गं? तीच तर गोड होती त्यात."

"मी ऐकली नव्हती ना, मावशी. मी झोपले होते. स्वतः ऐकलं नाही ते ऐकल्यासारखं लिहायचं नाही, असा नियम आहे आमच्यात."

"मग मी सांगते की. मी होते तिथे."

"होतीस?"

मावशीने इस्त्री उचलली आणि बाहीवरून फिरवली. बाही आधीच कडक होती. सरांनी शिकवलं होतं, एकदा विचारलं की आपण गप्प बसायचं. गप्प बसणं समोरच्याला सहन होत नाही आणि तो बोलू लागतो. ती गप्प बसली. इस्त्री गेली, आली. वाफ वर गेली. मावशीच्या गळ्यापाशी एक शीर हलत होती, आणि ती शीर बघता बघता तिलाच ते सहन होईना. मावशीला असं टेबलाशी उभं करून आपण खुर्चीत बसलो आहोत, हे सहन होईना.

"मला काही विचारायचं नाही गं," ती म्हणाली. "लिहायचं तर संपलंच. मला सांगायचं आहे. मी उठले असते तर ती गेली नसती, असं मला वाटतं. लहानपणापासून. तिने हाक मारली आणि मी उठले नाही. म्हणून मला झोप लागत नाही."

मावशीने इस्त्री उभी केली. वायर भिंतीतून काढायची राहिली. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर, डाग निघाला म्हणून कपडा उजेडात धरावा आणि डाग पलीकडून तसाच दिसावा, तसं काहीतरी होतं.

"हे तू इतकी वर्षं..." मावशी म्हणाली. "अगं, मी समजत होते की झोपच हलकी आहे पोरीची."

ती खुर्चीतून उठली आणि तिने वायर भिंतीतून काढली.

"हाक नव्हती, चिमे." मावशी टेबलाला टेकली. "तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, हाक कुठली मारते. तू दुसऱ्या दिवशी विचारलंस, आई मला काही म्हणाली का. इतकंसं तोंड करून विचारलंस. मग मी मारली हाक, तिच्या वतीने. एकदा मारली आणि मग तुला रोज हवी झाली. मला वाटलं, असू दे, तेवढाच पोरीला आधार. तू त्या हाकेचं असं काही करून ठेवशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं गं."

"मग ती तशीच गेली? काही न बोलता?"

"तशीच कशी जाईल?" मावशी एकदम रागावल्यासारखी म्हणाली, आणि मग तो राग कुणावर काढावा ते न कळून तिने हात पोटाशी घेतले. "बॅग दारात ठेवली होती. कोट घालून झाला होता. निघताना म्हणाली, जरा बघून येते, आणि कोटासकट तुझ्याजवळ आडवी झाली. मी म्हटलं, बस येईल. तरी पडून होती. मग उठायला गेली तर उठता येईना. तू तिची बाही धरली होतीस."

"मी?"

"मग कोण? झोपेत. गच्च. तोंड उघडं, लाळ गळतेय, घोरतेयस आपली, आणि बाही काही सोडत नाहीस. ती ओढून बघते, तर तू आणखी आवळतेस. मी म्हटलं, उठव तिला, समजावून सांग. तर म्हणाली, नको ताई, ही उठली तर मी जायची नाही. आणि गेले नाही तर ह्या पोरीला खाऊ काय घालू?" मावशीचा आवाज बारीक झाला होता, शब्द अडखळत, मागेपुढे होत येत होते, कोणताच पाठ नव्हता. "ती तशीच पडून राहिली, एक हात तुझ्याकडे अडकलेला, आणि माझ्याकडे नुसती बघायला लागली. बाहेर बसचा भोंगा वाजला. म्हणाली, ताई, मला नाही जमायचं."

मावशी स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"मग मी खाली बसले," ती म्हणाली. "तुझी बोटं मी सोडवली, चिमे. एकेक करून."